दवाखान्याला निघताना : लोकल, बस आणि आजारी माणूस

मागच्या महिन्यात विहारात आरोग्याची बैठक झाली तेव्हा आम्ही एक साधा प्रश्न विचारला. गेल्या वर्षभरात डॉक्टरांनी दिलेली तारीख कुणाकुणाची चुकली? बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एक हात वर आला, दुसरा आला, बघता बघता निम्म्याहून जास्त हात वर. आम्हाला वाटलं होतं, कारण पैशाचं निघेल. पैशाचं होतंच, पण बहुतेकींनी आधी वेगळंच सांगितलं. "दोन गाड्या बदलायच्या, जिना चढवत नाही." "त्या गर्दीत पोट घेऊन कशी शिरू?" "सोबत यायला कुणाला खाडा परवडत नाही."

त्यातल्या एका मावशींना कॅन्सरसाठी शेक चालू होता. पंचवीस पाळ्या ठरल्या होत्या. त्यातल्या सहा चुकल्या, आणि सहाही वेळा कारण एकच : सकाळच्या लोकलमध्ये चढताच आलं नाही. मावशी म्हणाल्या, "एक-दोन दिवसानं काय होतंय?" होतं, म्हणून हे लिहावं लागतं. शेकाचा हिशेब रोजच्या रोज धरलेला असतो. आठवड्याचे पाच दिवस, सलग काही आठवडे. मधे खंड पडला की दबलेल्या पेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते. पाळी चुकलीच तर लपवू नये, लगेच त्या विभागात सांगावं, म्हणजे डॉक्टर पुढची मांडणी बदलू शकतात. मावशींनी भीतीपोटी सांगितलंच नव्हतं.

म्हणून या वेळी पानावर कोणता आजार घेतला नाही, रस्ता घेतला आहे. गोवंडी-मानखुर्दची वस्ती असो, घाटकोपरचं रमाबाई नगर असो की मालाड-कांदिवलीकडची, मोठ्या दवाखान्यापर्यंत आजारी माणूस धड कसा पोचवायचा आणि धड परत कसा आणायचा, एवढंच.

मुंबईची अडचण तिच्या आकारातच आहे. शहर लांबुळकं आणि कामाच्या जागा पूर्वीपासून खालच्या टोकाला. त्यामुळे सकाळी सगळा लोंढा सीएसएमटी आणि चर्चगेटकडे, संध्याकाळी उलटा. आपले मोठे दवाखानेही त्याच वाटेवर : शीवला लोकमान्य टिळक, म्हणजे आपलं सायन हॉस्पिटल, परळला केईएम, टाटा आणि वाडिया, भायखळ्याला जेजे, मुंबई सेंट्रलला नायर. बाह्यरुग्ण विभागाचा केस पेपर सकाळीच काढावा लागतो. म्हणजे आजारी माणसाची वेळ आणि नोकरदाराची वेळ एकच. हे आपल्या हातात नाही. पण थोडं पुढं-मागं होणं हातात आहे. सातच्या आत गाडीत बसलं तर निदान उभं राहायला नीट जागा मिळते. आठ ते साडेदहा ही वेळ आजारी माणसासाठी नाहीच. परतताना दुपारी एक ते चार गाड्या मोकळ्या असतात. काम दोनला संपलं आणि पाहुण्यांकडे चहाला थांबून सहाची गाडी धरली, तर सकाळची सगळी मेहनत वाया.

आता वाट. जलद लोकलचा मोह सोडावा. धीमी गाडी पंधरा-वीस मिनिटं जास्त घेते, पण प्रत्येक स्टेशनात थांबते, आणि वाटेत माणसाला बरं वाटेनासं झालं तर लगेच उतरता येतं. घाटकोपर-विक्रोळीवाल्यांना शीव आणि परळ दोन्ही धीम्या गाडीने सरळ, कुठंही बदलायची गरज नाही. परळहून परतताना आणखी एक सोय आहे. मार्च २०१९ पासून काही लोकल परळहूनच सुटतात. त्या रिकाम्या लागतात. दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागलं तरी थांबावं, बसायला मिळतं.

गोवंडी-मानखुर्द-चेंबूरवाले सहसा हार्बरने कुर्ल्याला उतरतात, पूल चढतात आणि मेन लाइनची गाडी धरतात. कुर्ल्याचा तो पूल सकाळी नऊ वाजता धडधाकट माणसालाही नको वाटतो. हृदयाच्या, दम्याच्या किंवा गुडघ्याच्या रुग्णाला तिथे नेऊच नये. त्यापेक्षा सीएसएमटीकडे जाणाऱ्या त्याच हार्बर गाडीत बसून राहावं आणि शिवडीला उतरावं. तिथून बस किंवा टॅक्सीने टाटा-केईएम फार लांब नाही. दोघा-तिघांत टॅक्सी केली तर भाडंही जड जात नाही. टीबीचं मोठं हॉस्पिटल तर शिवडीलाच आहे. आमच्यातल्या एका ताईंनी सासऱ्यांना वर्षभर कुर्ल्यावरून नेलं आणि नंतर कुणीतरी हा रस्ता सांगितला. त्या अजून हळहळतात.

पश्चिमेकडच्यांना पार्ल्याला कूपर, मुंबई सेंट्रलला नायर. केईएमसाठी धीम्या गाडीने प्रभादेवी. दादरला बदलून परळला जाणं टाळावं, दादरच्या पुलावर माणसाचा चोथा होतो. चाकाची खुर्ची किंवा कुबड्या असतील तर मेट्रोचा विचार करावा. तिकीट जास्त आहे, पण लिफ्ट आहे आणि डब्याची पायरी फलाटाला सपाट लागते. अंधेरी-घाटकोपर मेट्रो आणि भुयारी मेट्रो मरोळ नाक्याला जोडलेल्या आहेत. नायरला जायचं तर भुयारी मेट्रोचं मुंबई सेंट्रल स्टेशन सोयीचं पडतं.

लोकलच्या दिव्यांग डब्याबद्दल वस्तीत फार गैरसमज आहेत. तो डबा फक्त हात-पाय नसलेल्यांचा, असं बऱ्याच जणांना वाटतं. कॅन्सरच्या रुग्णांना आणि गरोदर बायांनाही त्यात बसायची मुभा आहे. फलाटावर तो डबा जिथे थांबतो तिथे खूण केलेली असते. ती आधी शोधून ठेवावी, गाडी आल्यावर पळापळ नको. केस पेपर किंवा गरोदरपणाचं कार्ड हातात ठेवावं, पिशवीच्या तळाशी नको. धडधाकट माणसं त्यात घुसलेली असतात हे आम्हालाही माहीत आहे. अशा वेळी भांडत बसण्यापेक्षा १३९ या रेल्वेच्या मदत क्रमांकावर फोन करावा, डब्याचा आणि स्टेशनचा उल्लेख करून. बेस्टच्या दोन दारांच्या बसमध्ये गरोदर बाई, म्हातारी माणसं आणि दिव्यांग यांनी पुढच्या दाराने चढलं तरी चालतं, आणि पुढच्या राखीव जागा मागून घ्यायला लाज वाटू नये. आमच्या पोरीबाळी पोट पुढं आलेलं असताना दांड्याला लोंबकळत उभ्या राहतात आणि कुणाला 'उठा' म्हणत नाहीत. म्हणावं.

रोज जायचं असेल, म्हणजे शेक, डायलिसिस, ड्रेसिंग, तर मासिक पास काढावा. रोजच्या तिकिटापेक्षा स्वस्त पडतो आणि रांग वाचते. एक-दोनदाच जायचं असेल तर येतानाचंही तिकीट सकाळीच घ्यावं. गावाहून उपचाराला येणाऱ्या नातेवाइकांसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. लांब पल्ल्याच्या रेल्वेत कॅन्सर, टीबी, थॅलेसेमिया, डायलिसिसचे मूत्रपिंडाचे रुग्ण आणि शस्त्रक्रियेला जाणारे हृदयरुग्ण यांना भाड्यात मोठी सवलत मिळते. कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर वर्गात भाडंच पडत नाही, आणि सोबतच्या एका माणसालाही सवलत असते. दवाखान्यातून ठरावीक नमुन्याचा दाखला सही-शिक्क्यासह घ्यायचा आणि तिकीट खिडकीवर दाखवायचा. राहायची अडचण असेल तर दादर पूर्वेला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. टाटाच्या किती तरी रुग्णांनी तिथे दिवस काढले आहेत.

आता शरीराचं बघू. गाडीत चक्कर येऊन पडण्याची जी उदाहरणं आम्ही पाहिली, त्यात खूप वेळा एकच गोष्ट निघाली : रक्ततपासणीसाठी उपाशी निघालेला साखरेचा रुग्ण. 'उपाशीपोटी या' म्हटलं म्हणून माणूस उपाशी निघतो आणि सवयीने सकाळची गोळी किंवा इन्सुलिन मात्र घेतो. पोटात अन्न नाही, औषधाने साखर खाली, त्यात गर्दी आणि घाम. हात थरथरतात, दरदरून घाम येतो, बोलणं चुकायला लागतं. लोकांना वाटतं दारू प्यायलाय. तपासणीची तारीख घेतानाच डॉक्टरांना विचारा, "त्या दिवशीची गोळी कधी घ्यायची?" सहसा ती तपासणीनंतर, खाल्ल्यावर घ्यायची असते, पण उत्तर डॉक्टरांकडूनच घ्या. खिशात साखरेची पुडी किंवा चार चमचे ग्लुकोज असू द्या. लक्षणं दिसली तर तपासणीचा विचार सोडून साखर तोंडात घालावी. तपासणी उद्याही होते. मात्र बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी किंवा साखर घालू नये, ती श्वासनळीत जाते.

नुसती अंधारी आली, म्हणजे गर्दी, उकाडा आणि तासभर उभं राहिल्यामुळे, तर माणसाला उभं धरून ठेवू नये. आपल्याकडे चार जण काखेत हात घालून उभं करतात. रक्त पायात उतरलेलं असतं, डोक्याला कमी पडतं, म्हणून तर तो कोसळतो. पुढच्या स्टेशनावर उतरवून आडवं झोपवावं, पाय थोडे उंच करावेत, कपडे सैल करावेत. दोन-तीन मिनिटांत शुद्धीवर यायला हवा. आला नाही, किंवा छातीत दुखतंय, एका बाजूचा हातपाय लुळा पडलाय, तोंड वाकडं झालंय असं दिसलं तर तडक १०८. ही रुग्णवाहिका फुकट आहे. स्टेशनवर असाल तर स्टेशन मास्तरांकडे जा, काही मोठ्या स्टेशनांत तातडीचा वैद्यकीय कक्षही असतो. पुढच्या गाडीने घरी नेऊ, ही चूक करू नका.

डायलिसिसच्या रुग्णाचा हात सांभाळायचा असतो. ज्या हातात फिस्टुला केलेला आहे त्या हाताला पिशवी अडकवायची नाही, गर्दीत तो हात दाबला जाऊ द्यायचा नाही. डायलिसिस झाल्यावर रक्तदाब खाली आलेला असतो, म्हणून सुटल्या सुटल्या स्टेशनकडे न धावता अर्धा तास बसावं आणि दारात कधीच उभं राहू नये. आठवड्यातून दोन-तीनदा अख्खं शहर पार करण्यापेक्षा महात्मा फुले जन आरोग्य योजनेत जवळचं केंद्र मिळतं का, हे दवाखान्याच्या सोशल वर्करला विचारावं. आम्ही एका भाऊंचं असं केंद्र बदलून घेतलं. पहिल्या खिडकीवर 'होत नाही' म्हणाले, तिसऱ्या खेपेला झालं.

केमो चालू असलेल्यांची प्रतिकारशक्ती खाली गेलेली असते. त्यांनी गर्दीत मास्क लावावा आणि ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त आला तर वाट न बघता, रात्र असली तरी दवाखाना गाठावा. त्या वेळी लोकल नको.

टीबीबद्दल आम्हाला नेहमी विचारतात, "गाडीतून नेला तर दुसऱ्यांना लागेल ना?" टीबी हवेतून पसरतो, भांड्यातून नाही. औषधं नीट चालू झाली की साध्या टीबीचा रुग्ण काही आठवड्यांत पसरवेनासा होतो. पहिले काही आठवडे मास्क, खिडकीजवळची जागा, बंद एसी डब्याऐवजी साधा डबा, एवढं सांभाळलं तर प्रवास करता येतो. रुग्णाला घरात कोंडून तारखा चुकवणं जास्त घातक आहे, कारण अर्धवट औषधाने टीबी औषधाला दाद देईनासा होतो, आणि मग तोच हट्टी टीबी घरातल्या पोरांना लागतो. आणि मुळात दर वेळी शिवडीला जायची गरजही नसते. निदान झालं की औषधं वस्तीजवळच्या पालिकेच्या आरोग्य केंद्रातून मिळतात, तशी बदली मागून घ्यावी. निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते) खात्यात येतात की नाही हेही तिथेच तपासावं.

बीपी-साखरेच्या गोळ्यांसाठीसुद्धा परळ गाठणारी माणसं आम्हाला भेटतात. पालिकेचे दवाखाने आणि 'आपला दवाखाना' केंद्रं त्यासाठीच आहेत. गोवंडीला शताब्दी, घाटकोपरला राजावाडी. मोठं हॉस्पिटल मोठ्या कामासाठी राखलं तर आपलीही रांग कमी होते.

एक गोष्ट बायांशी वेगळी बोलायची आहे. घरातून निघताना पाणी न पिण्याची सवय. रस्त्यात संडास कुठला मिळणार, मिळाला तर आत जाववत नाही, बाहेर बसलेला माणूस पैसे मागतो. म्हणून सकाळी एक घोट चहा, आणि दुपारी तीनपर्यंत काही नाही. मग लघवीला जळजळ, कंबर दुखणं, ताप. गरोदर बाईला हे झालं तर मूत्रपिंडापर्यंत जातं आणि दिवस भरायच्या आत बाळंत होण्याची भीती वाढते. मुंबईतल्या वस्त्यांमधल्या बायांनी संस्थांच्या मदतीने २०११ मध्ये 'राइट टू पी' ही मोहीम उभी केली ती याच दुखण्यापायी. मागणी साधी होती, बायांना लघवीला पैसे पडू नयेत आणि जागा स्वच्छ असावी. ते सगळीकडे झालेलं नाही. तोवर एवढं करा : निघण्याआधी पाणी प्या आणि जाऊन या, दवाखान्यात पोचल्यावर केस पेपरची रांग लावण्याआधी पहिलं काम तेच, आणि परत निघताना पुन्हा एकदा. दोन ठिकाणं ठरली की पाणी प्यायची भीती जाते.

पुलावरच्या गर्दीचं सांगायलाच हवं. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड आणि परळला जोडणाऱ्या पुलावर पावसामुळे माणसं थांबून राहिली, मागून गाड्या रिकाम्या होत गेल्या, आणि चेंगराचेंगरीत २३ जण गेले. अशा गर्दीत माणूस पायाखाली तुडवून मरतो असं आपण समजतो. खरं तर बरेचसे उभ्या उभ्याच गुदमरतात, छाती चहूबाजूंनी इतकी दाबली जाते की फुगायला जागाच उरत नाही. म्हणून दाटी वाढायला लागली की दोन्ही हात कोपरात वाकवून छातीपुढे आडवे धरा, पोराला कडेवर न घेता छातीशी धरा, भिंत किंवा कठड्याच्या बाजूला दाबले जाणार नाही असं बघा, लोंढ्याच्या उलट ढकलू नका आणि पडलेली चप्पल-पिशवी उचलायला वाकू नका. आजारी माणूस सोबत असेल तर गाडीतून उतरल्यावर फलाटावरच पाच मिनिटं बसावं, लोंढा पुढं जाऊ द्यावा. ६ डिसेंबरला दादरला हेच सगळं लागू पडतं. लहानग्यांच्या खिशात नाव-फोनची चिठ्ठी आणि आजी-आजोबांच्या खिशात औषधांची यादी ठेवायला विसरू नका.

दारात लटकण्याबद्दल तरण्या पोरांना सांगून आम्ही दमलो. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतली माणसं एकमेकांना घासून खाली पडली आणि जीव गेले. सगळी कामाला निघालेली होती.

पावसाळ्यात कुर्ला, शीव, चुनाभट्टी इथे रुळांवर पाणी येतं आणि गाड्या थांबतात. टीबी, बीपी, साखर, एचआयव्ही, फिट यांच्या गोळ्या जून ते सप्टेंबर कायम चार-पाच दिवसांच्या जास्तीच्या घरात असाव्यात, शेवटच्या गोळीला आणायला निघू नये. दवाखान्यात अडकायला लागलंच तर एक दिवसाचा डोस पिशवीत असावा. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं असेल, त्यातही पायाला जखम असेल, तर लेप्टोचा धोका असतो. घरी आल्यावर साबणाने पाय धुवा आणि ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळी घ्यावी का ते विचारा. गरोदर बाई आणि लहान मुलांसाठी गोळी वेगळी असते, म्हणून शेजारणीची घेऊ नका.

मावशींच्या उरलेल्या पाळ्यांसाठी गल्लीतल्या बायांनी बैठकीतच वाटणी केली. सोमवार-मंगळवार एकीकडे, बुधवार दुसरीकडे, असं. ज्यांना खाडा परवडत नव्हता त्यांनी फक्त सकाळी सव्वासहाला मावशींना स्टेशनवर सोडून यायचं घेतलं. मासिक पास काढला, दिव्यांग डब्याची जागा दाखवली, आणि पहिल्या दिवशी आमच्यातली एक सोबत जाऊन चुकलेल्या सहा पाळ्यांचं तिथल्या डॉक्टरांना सांगून आली. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वेळ बदलून दुपारची दिली. सुरुवातीलाच विचारलं असतं तर तेव्हाही दिली असती, असं म्हणाले.